ठिबकमधून खत सोडूनही उसाच्या शेवटच्या सऱ्या पिवळ्या का पडतात?

ड्रममध्ये युरिया घातला, व्हेंचुरीनं (दाबाच्या फरकावर ड्रममधलं खत ओढून पाण्यात मिसळणारा नळीचा तुकडा) ओढला, ड्रम रिकामा झाला, वहीत नोंद झाली. वीस दिवसांनी फडाकडं बघावं तर सबमेनजवळचा (ज्या पाइपातून ठिबकच्या नळ्या फुटतात त्याच्याजवळचा) ऊस काळाभोर आणि बांधाकडचा फिकट. मग पहिली धाव दुकानाकडं जाते आणि पुढच्या हप्त्याला खत वाढतं. ते वाढीव खतही सबमेनजवळच्याच उसाला मिळतं, कारण खत जातं पाण्याबरोबर, आणि जिथं पाणी कमी तिथं खतही कमी. म्हणून खालच्या तपासण्यांत पाणी आधी आहे, खत नंतर. क्रम सोप्याकडून अवघडाकडं आणि फुकटाकडून खर्चाकडं लावलाय. मधली पायरी गाळून थेट ॲसिडकडं जाऊ नका.

आधी फड वाचा

पिवळेपणा कुठं आणि कसा पसरलाय, यावरून निम्मं निदान होतं.

सबमेनजवळ हिरवा आणि नळीच्या टोकाकडं हळूहळू फिकट होत गेलेला असेल, तर दाब कमी आहे, नळी जास्त लांब आहे किंवा टोकाला गाळ साचलाय. एका व्हॉल्व्हचा, म्हणजे कॉकचा, तुकडा चांगला आणि दुसऱ्याचा सगळाच फिकट असेल, तर त्या व्हॉल्व्हला व्हेंचुरी ओढत नाही किंवा कॉक बदलायची वेळ चुकतेय. मधेच एखादी सरी, किंवा सरीत चार-सहा फुटांचा तुकडा पिवळा असेल, तर तिथले ड्रिपर बंद आहेत किंवा पाचटाखाली नळी फुटलीय. तोडीच्या वेळी कोयत्यानं कापलेली आणि उंदरानं कुरतडलेली नळी वरून दिसत नाही; पाचट बाजूला करून जास्त ओली जागा शोधावी लागते.

ड्रममधलं खत संपतच नाही, सक्शनच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात किंवा ड्रम रिकामा व्हायच्या ऐवजी भरत जातो, ही तिन्ही व्हेंचुरीची लक्षणं आहेत.

सगळा फड एकसारखा फिकट असेल तर ठिबकवर शंका घ्यायच्या आधी पानं बघा. नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. वरची कोवळी पानं पिवळट-पांढरी आणि शिरा मात्र हिरव्या, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात हे नेहमीचं, आणि युरिया वाढवून ते जात नाही. बेट धरून ओढल्यावर सहज उपटून आलं तर मुळाशी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, शोधा. कृष्णाकाठच्या भारी जमिनीत वाफसाच येत नसेल, तर मुळांना हवा मिळत नाही आणि दिलेलं नत्रही हवेत उडून जातं. तिथं पाणी कमी करणं आणि चर काढणं हा उपाय.

हिशोबाची चूकही इथंच पकडा. आडसाली (जुलै-ऑगस्टच्या लागणीच्या) उसाची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो नत्र, स्फुरद, पालाश; पूर्वहंगामीची (ऑक्टोबर-नोव्हेंबर) ३४०:१७०:१७०; सुरूची (जानेवारी-फेब्रुवारी) २५०:११५:११५. एकरासाठी याला अडीचनं भागायचं. आडसालीला एकरी १६० किलो नत्र येतं, म्हणजे सगळं युरियातून द्यायचं तर सुमारे ३४८ किलो, ४५ किलोची पावणेआठ पोती. हेक्टरचा आकडा एकराला धरलेला आणि पोत्याचं वजन नत्राचं वजन समजून लिहिलेला, असे दोन्ही प्रकार वह्यांत सापडतात.

फिल्टर आणि गेज: खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं

मोटर बंद असताना दोन्ही प्रेशर गेजचे काटे शून्यावर आहेत का बघा. नसतील तर गेज बिघडलाय आणि पुढचे सगळे आकडे खोटे ठरतील. आधी तो बदला.

मग मोटर चालू करून फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब वाचा. स्वच्छ फिल्टरमध्ये फरक ०.१ ते ०.२ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) असतो. फरक ०.५ किलोच्या आसपास गेला की फिल्टर तुंबला. सँड फिल्टरला उलटं पाणी देऊन बाहेर पडणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवा. वरचं झाकण उघडून वाळूत हात घाला. ढेकळं लागली तर नुसत्या उलट्या पाण्यानं ती फुटत नाहीत, हातानं मोडावी लागतात. जाळीचा फिल्टर काढून ब्रशनं घासा आणि उन्हाकडं धरून फाटलाय का बघा. फाटलेल्या जाळीत दाबाचा फरक कमी दिसतो, त्यामुळं फिल्टर एकदम छान आहे असं वाटतं आणि गाळ मात्र सरळ नळीत जातो. रबरी सील जागेवर बसलंय ना, तेही तेवढ्यात बघून घ्या.

ही तपासणी पहिली ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. जाळीचा फिल्टर व्हेंचुरीच्या पुढं असतो, आणि तसाच असायला हवा, म्हणजे न विरघळलेलं खत तिथं अडतं. पण तो तुंबला की व्हेंचुरीच्या पुढच्या तोंडाला दाब वाढतो आणि ती ओढायची थांबते. व्हेंचुरी खराब झाली म्हणून नवी आणली जाते, आणि दोष जाळीत असतो.

पावसाळ्यात कृष्णा-वारणेचं गढूळ पाणी, किंवा टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या आवर्तनाचं शेततळ्यात साठवून शेवाळलेलं पाणी असेल, तर फिल्टर आठवड्याला धुऊन भागत नाही. अशा दिवसांत रोज गेज बघायचा.

नळ्या धुणं

धुण्याचा क्रम पाणी जातं तसाच: आधी मेन, मग सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह, शेवटी नळ्या. उलट्या क्रमानं धुतलं तर सबमेनमधला गाळ धुतलेल्या नळीत उतरतो. नळ्यांची टोकं एका वेळी पाच-सहाच उघडा. सगळी एकदम उघडली की पाण्याचा जोर जातो आणि गाळ जागचा हलत नाही.

पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत धरा आणि रंग बघा. मातकट असेल तर फिल्टरमधून गाळ येतोय. हिरवट, बुळबुळीत तंतू म्हणजे शेवाळ. लालसर तपकिरी म्हणजे पाण्यात लोह. पांढरी रवाळ भुकटी म्हणजे क्षार किंवा खताचा साका. भुकटीवर ॲसिडचा थेंब टाका. फसफसली तर पाण्यातला चुना, न फसफसता हळूहळू विरघळली तर बहुतेक स्फुरदाचा साका, आणि विरघळलीच नाही तर माती. हा फरक पुढं कामाला येतो, म्हणून चिमूटभर भुकटी कागदात बांधून ठेवा.

जीवामृत किंवा गुळाची स्लरी ठिबकमधून सोडत असाल तर नळ्या दर आठवड्याला धुवायलाच लागतील. स्लरी कापडातून दोनदा गाळली तरी तिच्यातली साखर नळीत राहते आणि त्यावर बुळबुळीत थर वाढतो.

वाट्यांची मोजणी

दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण ही मोजणी टाळू नका. लागतात १६ वाट्या, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण किंवा ५० मिलीची सिरिंज, आणि मोबाईलमधलं घड्याळ.

एका व्हॉल्व्हखालच्या चार नळ्या निवडा: सबमेनवरची पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येक नळीवर तशाच चार जागा. प्रत्येक ड्रिपरखाली छोटा खड्डा करून वाटी ठेवा. इनलाइन नळीत पाणी नळीच्या पोटाला धरून पुढं सरकतं आणि वाटीत पडतच नाही. ड्रिपरच्या दोन्ही बाजूंना सुतळीचा एकेक वेढा बांधला की थेंब तिथंच खाली पडतो. बरोबर तीन मिनिटं पाणी धरा. ४ लिटरच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत २०० मिली पडायला हवं.

सोळाही आकडे लिहून सरासरी काढा. मग सगळ्यांत कमी चार आकड्यांची सरासरी काढून तिला मोठ्या सरासरीनं भागा. समजा एकूण सरासरी १९० मिली आणि कमी चारांची १५० मिली, तर उत्तर ७९ टक्के. ९० च्या वर असेल तर पाण्याचं वाटप उत्तम, ८० ते ९० मध्ये धुऊन-पुसून काम चालेल, ८० च्या खाली दोष शोधलाच पाहिजे. ७० च्या खाली असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ठिबकमधून महागडी विद्राव्य खतं सोडू नका. त्या काळात खत मातीतून दिलेलं परवडतं.

आता नळीच्या टोकाला पिन गेज (सुई टोचून दाब दाखवणारा गेज) लावा. इथून वाट दोन दिशांना फुटते. टोकाला दाब ०.९ ते १ किलो आहे आणि वाटीत पाणी कमी पडतंय, तर ड्रिपर तुंबलेत. टोकाला दाबच ०.५ आहे, तर ड्रिपर धडधाकट आहेत, त्यांच्यापर्यंत दाब पोहोचत नाही. साध्या ड्रिपरमध्ये दाब निम्मा झाला की पाणी सुमारे ७० टक्क्यांवर येतं. पहिल्या प्रकारात ॲसिड लागेल. दुसऱ्या प्रकारात ॲसिडचे कॅन रिकामे केले तरी फरक पडणार नाही.

दाब कमी असण्याची कारणं बहुतेक साधी असतात. एका वेळी जास्त कॉक उघडणं हे पहिलं. हिशोब असा: पाच फुटी सरी, ४० सेंटिमीटरवर ४ लिटरचा ड्रिपर असेल तर अर्ध्या एकरात साधारण ३,३०० ड्रिपर बसतात आणि त्यांना तासाला १३,२०० लिटर पाणी लागतं. एकराला २६,४००. मोटरच्या पाटीवरचं पाणी त्या पाटीवरच्या हेडलाच मिळतं. उन्हाळ्यात विहिरीतली पातळी पाच मीटर खाली गेली की अर्धा किलो दाब तिथंच जातो. चढ असेल तर दर मीटर उंचीला ०.१ किलो वजा. जानेवारीत दोन कॉक छान चालत होते म्हणून मेमध्येही चालतीलच, असं होत नाही.

व्हेंचुरी

पाणी सगळीकडं सारखं पडतंय आणि तरीही फड पट्ट्यापट्ट्यांत पिवळा, तर मोर्चा इकडं वळवा. सगळ्यांत आधी व्हेंचुरीवरचा बाण. तो पाण्याच्या दिशेनं हवा. साफसफाईनंतर उलटी बसवलेली व्हेंचुरी हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

सक्शनची नळी काढा आणि त्या तोंडावर अंगठा धरा. अंगठा ओढला जातोय का? ओढतोय, पण नळी लावल्यावर खत चढत नाही, तर नळी चिरलीय, क्लॅम्प ढिला आहे किंवा ड्रममधली जाळी साक्यात रुतलीय. जाळी तळापासून तीन-चार बोटं वर टांगा. अंगठा ओढतच नसेल तर घशात खताचा खडा अडकलाय किंवा दाबाचा फरक पुरेसा नाही. खडा काढायला तार घालू नका. घसा ओरखडला की ओढण्याची ताकद कायमची कमी होते. कोमट पाण्यात भिजवून झाडूच्या काडीनं काढा.

दाबाचा फरक मेनवरचा कॉक हळूहळू आवळून तयार होतो. व्हेंचुरीच्या आधी २ किलो दाब असेल तर नंतर १.३ ते १.४ वर येईपर्यंत आवळला की चांगली ओढ लागते.

पण बहुतेकांचं इथंच चुकतं. ड्रम लवकर संपावा म्हणून कॉक जोरात आवळला जातो. ओढ वाढते, पण पुढं नळ्यांकडं जाणारा दाब पडतो. म्हणजे साधं पाणी चालू असताना टोकाला बरोबर पाणी मिळतं आणि नेमकं खत चालू असताना कमी मिळतं. आधी केलेली वाट्यांची मोजणी साध्या पाण्यावर केली असेल तर हा दोष सापडतच नाही. म्हणून टोकाचा पिन गेज व्हेंचुरी ओढत असताना पुन्हा वाचा. तेव्हाही ०.८ च्या वर राहिला पाहिजे. राहत नसेल तर कॉक थोडा सैल करा, ड्रमला वीस मिनिटं जास्त लागू देत.

ओढ मोजून ठेवा. बादलीत मापून २० लिटर पाणी घ्या आणि किती मिनिटांत संपतं ते बघा. दहा मिनिटं लागली तर तासाला १२० लिटर. या व्हेंचुरीला २०० लिटरचा ड्रम दिला तर पावणेदोन तास लागणार, आणि तुम्ही पाऊण तासात कॉक बदलत असाल तर दर वेळी निम्म्याहून जास्त खत दुसऱ्याच तुकड्याला जातंय. प्रत्येक व्हॉल्व्हवर ही ओढ वेगळी येते. चढावरच्या व्हॉल्व्हला पुढचा दाब जास्त असतो, तिथं ओढ कमी. सगळ्या व्हॉल्व्हना मिळून एक ड्रम लावून देणं म्हणूनच चुकीचं. प्रत्येक व्हॉल्व्हचं खत वेगळं मोजून वेगळं विरघळवा.

ड्रम भरत जात असेल तर सक्शनच्या तोंडातला नॉन-रिटर्नचा (पाणी उलटं येऊ न देणारा) गोळा अडकलाय किंवा हरवलाय. हे तातडीनं दुरुस्त करा. लाईट अचानक गेली आणि मोटरजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही गळका असला तर खताचं पाणी उलटं विहिरीत उतरतं. जिथून घराला प्यायचं पाणी जातं त्या विहिरीवर तर दोन्ही नॉन-रिटर्न धड असल्याशिवाय खत सोडूच नका. मोटर बंद करायच्या आधी सक्शनचा कॉक बंद करायचा, ही सवय लावा. रात्रीच्या लाईटला ऑटो स्टार्टरवर ड्रम लावून घरी झोपायला जाणं याच कारणानं धोक्याचं.

पंपाकडं दाब शिल्लकच नसेल तर व्हेंचुरी कितीही बदलली तरी ओढणार नाही. अशा ठिकाणी फवारणीच्या एचटीपी पंपानं खत लाइनमध्ये ढकललं तर लाइनचा दाब खर्च होत नाही. खताची लोखंडी टाकी असेल तर तिचा स्वभाव वेगळा: सुरुवातीला कडक द्रावण जातं, नंतर पातळ. ६० लिटरच्या टाकीतलं जवळपास सगळं खत बाहेर पडायला तिच्यातून चौपट, म्हणजे २४० लिटर पाणी जावं लागतं.

वेळेचं गणित

खत नळीत शिरल्याबरोबर टोकाला पोहोचत नाही. ७५ मिमीची ३०० मीटर मेन असेल तर तिच्यात सुमारे १,२०० लिटर पाणी मावतं. तासाला १३,२०० लिटरच्या प्रवाहानं ते पुढं सरकायला पाच-साडेपाच मिनिटं लागतात. पुढं सबमेन, आणि त्यापुढं ६० मीटरच्या नळीत शेवटच्या ड्रिपरपर्यंत आणखी पाचेक मिनिटं, कारण टोकाकडं पाणी अगदी हळू सरकतं.

यातून दोन चुका जन्मतात. ड्रम संपताच मोटर बंद केली तर टोकाच्या सऱ्यांचं खत नळीतच राहतं, तिथं साका धरतं आणि ड्रिपर तुंबवतं. आणि ड्रम संपताच कॉक बदलला तर मेनमधलं १,२०० लिटर खताचं पाणी पुढच्या तुकड्याला फुकट मिळतं. एकाच रांगेत रोज त्याच क्रमानं कॉक बदलले तर एक तुकडा कायम उपाशी आणि दुसरा कायम तृप्त. लक्षणांत सांगितलेला एक व्हॉल्व्ह हिरवा आणि एक पिवळा, हा प्रकार बऱ्याचदा एवढ्यानंच होतो.

नियम सोपा ठेवा: १५ ते २० मिनिटं साधं पाणी, मग खत ३० ते ४५ मिनिटं, मग पुन्हा १५ ते २० मिनिटं साधं पाणी. नंतरचं पाणी तासभर चालू ठेवू नका. युरिया आणि नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातात.

तुमच्या रानातला खरा वेळ मोजायचा तर टीडीएस मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. आधी साध्या पाण्याचा आकडा घ्या, मग खत सुरू करून शेवटच्या ड्रिपरचं पाणी दर दोन मिनिटांनी मोजा. आकडा उसळी मारेल ती खत पोहोचल्याची वेळ, परत खाली येईल ती नळी धुतल्याची वेळ. एक लक्षात ठेवा, नुसत्या युरियावर ही मोजणी होत नाही. युरिया पाण्यात क्षार सोडत नाही, त्यामुळं मीटर हलतच नाही आणि खत आलंच नाही असा समज होतो. मोजणीच्या दिवशी १३:०:४५ (हे आकडे विद्राव्य खतातल्या नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) किंवा पांढरा पोटॅश वापरा.

ड्रममध्ये काय घातलंय

कॅल्शियम नायट्रेटबरोबर सल्फेटवालं काही नाही आणि स्फुरदवालंही काही नाही. मॅग्नेशियम सल्फेटबरोबर १२:६१:० किंवा ०:५२:३४ नाही. फेरस सल्फेट स्फुरदाबरोबर नाही. ज्या दिवशी कॅल्शियम, त्या दिवशी फक्त कॅल्शियम. स्फुरद तीन-चार दिवसांनी. डीएपी, सुपर फॉस्फेट आणि लाल पोटॅश ड्रममध्ये घालायचेच नाहीत, कितीही ढवळले तरी. केवड्यासाठी चुनखडीच्या रानात ईडीटीएतलं लोह टिकत नाही, ईडीडीएचए लागतं (ही लोह विरघळलेलं धरून ठेवणारी संयुगं).

०:०:५० च्या बाबतीत बरीच गल्लत होते. साधारण २० अंशाच्या एक लिटर पाण्यात ते ११० ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. पाच किलोला किमान ५० लिटर पाणी हवं, थंडीच्या सकाळी त्याहून जास्त. युरिया आणि १३:०:४५ विरघळताना पाणी गार करतात. म्हणून त्यांच्याच ड्रममध्ये पाठोपाठ ०:०:५० टाकलं तर ते तळाला बसतं. आधी ०:०:५० पूर्ण विरघळू द्या, मग युरिया.

मिश्रण जमेल का, याची परीक्षा आपल्याच विहिरीच्या पाण्यावर घ्यायची. पारदर्शक बाटलीत एक लिटर पाणी, ड्रममध्ये असेल त्याच प्रमाणात खतं, आणि दोन तास स्थिर. दुधाळ झालं किंवा तळाला साका आला तर ते मिश्रण रद्द. मिरज, पलूस, वाळव्यात नदीकाठच्या क्षारपड पट्ट्यात विहिरीचं पाणीच इतकं जड असतं की एकटं १२:६१:० सुद्धा दुधाळ होतं. तिथं स्फुरद फॉस्फरिक ॲसिडमधून द्यावं किंवा लागणीत मातीतून उरकावं.

कापूस ठिबकवर घेणाऱ्यांसाठीही वरचं सगळं तसंच लागू आहे, फक्त तिथं चुकीची शिक्षा वेगळी दिसते. बागायती बीटी कापसाला शिफारस हेक्टरी १२५:६५:६५, म्हणजे एकरी ५०:२६:२६. मात्रा कमी असल्यामुळं एक-दोन हप्त्यांचं असमान वाटपही लगेच दिसतं. सबमेनजवळ जादा नत्रानं झाड माजतं, बोंडं कमी लागतात आणि मावा-तुडतुड्यांना आयतं कोवळं पान मिळतं. टोकाला मात्र पानं लाल पडायला लागतात. ती लाली मॅग्नेशियम कमी पडल्यानं किंवा थंडीनंही येते, म्हणून आधी वाट्या मांडा, मग लाल्याचं औषध शोधा.

ॲसिड: सगळ्यांत शेवटी

टोकाला दाब पूर्ण आहे, नळ्या धुतल्यात, वाटीत पाणी कमीच आहे आणि भुकटी ॲसिडनं विरघळली, तरच ही पायरी.

प्लास्टिकच्या बादलीत विहिरीचं दहा लिटर पाणी घ्या. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड सिरिंजनं एकेक मिली घालत, ढवळत, पीएचच्या कागदावर आकडा ४ येईपर्यंत मोजा. समजा सहा मिली लागलं, म्हणजे लिटरला ०.६ मिली. तासाला १३,२०० लिटरच्या व्हॉल्व्हला १५ मिनिटांत ३,३०० लिटर पाणी जातं. त्याला सुमारे दोन लिटर ॲसिड. तुमची व्हेंचुरी १५ मिनिटांत जेवढं ओढते तेवढ्याच पाण्यात (तासाला १२० लिटरची असेल तर ३० लिटरमध्ये) ते ॲसिड घाला, म्हणजे बरोबर १५ मिनिटांत ओढलं जाईल. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा पीएच ४ आला की मोटर बंद करून २४ तास तसंच राहू द्या. नंतर नळ्यांची टोकं उघडून पूर्ण धुवा. हे धुणं राहिलं तर सुटलेली खपली पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसते.

ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. रबरी हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे आणि शेजारी साध्या पाण्याची भरलेली बादली. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ती आणि ॲसिड एका दिवशी, एका ड्रममध्ये, एका बादलीत येता कामा नये. क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेततो. मधे पूर्ण धुणं आणि एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा. आणि लोह असलेल्या पाण्यात ब्लीचिंग घातलं तर लोहाचा साका नळीतच बसतो, रोगापेक्षा औषध भारी.

इथं थांबा

स्टार्टरची पेटी, फेज, मोटरचं वायंडिंग: दाब मोटरमुळं कमी आहे असं वाटलं तरी पेटी उघडू नका, वायरमनला बोलवा. ओल्या रानात ठिबकच्या निमित्तानं शॉक बसतो.

ॲसिडच्या दोन फेऱ्यांनंतरही वाट्यांचा आकडा ७० च्या वर गेला नाही, तर तिसरी फेरी करू नका. त्या नळ्या बदलायच्या झाल्यात. जमिनीत गाडलेल्या नळीत उसाची मुळं शिरली असतील तर ती ॲसिडनं निघत नाहीत. कॉक अर्धे करूनही टोकाला दाब येत नसेल तर पंप, मेनचा व्यास आणि नळीची लांबी यांचं जुळत नाही. हे नव्यानं डिझाइन करण्याचं काम आहे आणि ते ठिबकच्या इंजिनिअरनंच करावं. पाण्यात लोह जास्त असेल, किंवा वाट्या ९० टक्के सांगतात आणि ऊस तरीही पिवळा आहे, तर माती आणि पाणी तपासून घ्या. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, किंवा फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राकडून सल्ला घ्या.

माणूस बोलवाल तेव्हा त्याच्या हातात पाच गोष्टी द्या: फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाब, व्हॉल्व्हवार टोकाचा दाब व्हेंचुरी चालू आणि बंद असताना, सोळा वाट्यांचे आकडे, २० लिटरची बादली संपायला लागलेली मिनिटं, आणि कागदात बांधलेली ती भुकटी. हे नसेल तर पहिला अख्खा दिवस तो हेच मोजण्यात घालवेल आणि हजेरी त्याचीच लागेल.